मुठीतली कुसळं

लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, पेट्रोल पंपावर कुणीतरी जवळ येतं, आधी निरखून खात्री करून घेतं आणि काही न बोलता डाव्या हाताची मूठ आवळून माझ्यापुढे धरतं. म्हणजे मला ओळखलं. नाव बहुतेकांना आठवत नाही. मग मीही मूठ आवळतो, हसतो, फोटो निघतो आणि ते खूश होऊन जातात. एवढ्या वर्षांत मी सरपंच झालो, न्यायाधीश झालो, हवालदार तर इतक्यांदा झालो की खाकी शर्टासाठी आता माझं मापही कुणी घेत नाही. पण लोकांच्या मनात राहिला तो एकच म्हातारा. बायकोच्या मढ्याशेजारी बसून घोंगडीतली कुसळं वेचणारा आणि ती मुठीत धरून ठेवणारा.

ती मूठ माझी नव्हती. माझ्या वडिलांची होती. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हे तुम्हाला सुचलं कसं, असं मुलाखतीत कुणी विचारलं की मी निरीक्षण, साधना, भूमिकेचा शोध असलं काहीबाही सांगतो. समोर कॅमेरा आणि हातात कॉफीचा कप असला की असले शब्द आयते तोंडात येतात. खरं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इथं लिहून टाकतो.

केदारखेड्याहून थोडं आत आमचं गाव. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि माणसं चार. आबा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. आबा मेंढरांशी जेवढं बोलायचे तेवढंही आमच्याशी बोलत नसत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बोलायचं काम आईचं. तिचं सगळ्यात जुनं भांडण होतं कुसळांशी. पाऊस सरला की माळावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं घोंगडीच्या लोकरीत शिरून बसतात. आबा दिवसभर मेंढरांमागे फिरून आले की ओसरीवर बसून एकेक कुसळ उपसायचे आणि तिथंच टाकायचे. मग ती आमच्या पायांत, आईच्या लुगड्यात, एखादं पिठाच्या परातीतसुद्धा सापडायचं. आई म्हणायची, "मुठीत धरा अन् भाईर नेऊन टाका. घरात एक बी कुसळ दिसलं तर बघा." आबा "बराबर" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच टाकायचे. उभ्या संसारात त्यांनी तिचं एवढं एक ऐकलं नाही.

मी जालन्याला कॉलेजात गेलो आणि नाटकाच्या नादी लागलो. आमची नाटकं बसवणारे सर सांगायचे, नटाने डोळे मिटून घ्यायचे नसतात. बाजारात, एस्टीत, मयतीला, जिथं असाल तिथं बघा आणि दिसेल ते उचला. मला हे फारच पटलं. मी उचलत सुटलो. कंडक्टरची तिकीट फाडायची लकब उचलली, मेसवाल्या काकूंचं नाक मुरडणं उचललं. सरांचं खोकणंही उचललं आणि त्यांच्यासमोरच एका एकांकिकेत वापरलं. सर खूश झाले, मला बक्षीस मिळालं. उचललेल्या वस्तूचा मालक समोर बसलेला असतो आणि त्याला काही वाटू शकतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आई गेली तेव्हा मी मुंबईत किरकोळ कामं करत होतो आणि दिवाळीसाठी गावी आलो होतो. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती कलंडली, ती उठलीच नाही. आबा माळावर गेले होते. कुणीतरी पळत जाऊन त्यांना बोलावून आणलं. ते आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि मग तिच्या शेजारी खाली बसले. बायका रडत होत्या, बहिणीने आईचे पाय धरून ठेवले होते. मी समोरच्या भिंतीला टेकून दस्तीत तोंड खुपसून बसलो होतो. दस्ती म्हणजे आमच्याकडे हातरुमाल. आबांनी खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेतली आणि कुसळं वेचायला लागले. उजव्या हाताने एकेक उपसायचं आणि डाव्या मुठीत ठेवायचं. एकही खाली पडू दिलं नाही. सगळी वेचून झाल्यावर त्यांनी मूठ घट्ट मिटली आणि तिच्याकडे बघत बसले.

मातीला जाताना त्यांनी तिला खांदा दिला तो उजव्या हाताने तिरडी धरून. डावी मूठ मिटलेलीच होती. ओढ्यावर अंघोळ करून आम्ही परत निघालो तेव्हा ती उघडी दिसली. त्यातली कुसळं त्यांनी कुठं टाकली ते मला दिसलं नाही. हे सगळं त्या गर्दीत दुसऱ्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आबांनाही तसंच वाटत होतं.

पुढे दोनेक वर्षांनी तो सिनेमा आला. मला भूमिका होती एका म्हाताऱ्याची, ज्याची बायको मरते. दिग्दर्शक म्हणाले, "तुम्ही आधी छाती बडवा, मग वर बघून ओरडा." पानभर संवादही होते. मी म्हणालो, "संवाद नकोत. मला एक घोंगडी द्या." त्यांनी एक संधी दिली. सेटवरच्या माणसांनी घोंगडीत खोवायला केरसुणीच्या काड्यांचे तुकडे आणले. ते हातात घेतल्याबरोबर मला खोटं वाटायला लागलं. मग मी पिंपळगाव रेणुकाईला बहिणीला फोन लावला. तिला तिथं दिली होती.

"थोडी कुसळं पाठव," मी म्हटलं.

ती हसायला लागली. "मुंबईत गवत उगवत न्हाई व्हय? कशाला रे, दादा?"

"कामाला पाहिजेत."

ती माहेरी गेली, आबांच्या घोंगडीतली कुसळं तिने आपल्या हाताने वेचली आणि बिस्किटांच्या डब्यात घालून मुंबईला येणाऱ्या एकाजवळ दिली. आबांनी विचारलं, काय करून राह्यली? ती म्हणाली, दादाला पाहिजे. आबांनी घोंगडी तिच्यापुढे सरकवली. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

सीन एका झटक्यात झाला. कट म्हटल्यावरही कुणी हललं नाही, दिवे सांभाळणारा माणूस बाहीने डोळे पुसत होता. नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. पुरस्कार, सत्कार, वर्तमानपत्रात मुठीचा फोटो. कॅमेऱ्यापुढे मी जे काही केलं त्यात याहून खरं काही नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं. हेच तर दुखणं आहे.

मी हौसेने आबांना जालन्याच्या थेटरात घेऊन गेलो. बहीणही आली. आबा धुतलेलं धोतर नेसून खुर्चीच्या कडेवर बसले होते. तो सीन आला. आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले, आणि मी पडदा सोडून आबांकडे बघायला लागलो. त्यांना कसं वाटतंय हे मला बघायचं होतं. ते जराही हलले नाहीत. बहिणीने पदराचा बोळा तोंडात धरला आणि एकदाच माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, भरून आलं असेल.

बाहेर रसाच्या गाड्यावर आम्ही उभे राहिलो. आबांनी अर्धा ग्लास पिऊन विचारलं, "तवा तू बघून राह्यला व्हतास?"

"कधी, आबा?"

"तुझी आई गेली तवा. मला वाटलं तू रडून राह्यला. तोंडावर दस्ती व्हती तुझ्या."

"रडतच होतो, आबा."

त्यांनी ग्लास गाड्यावर ठेवला. "मंग दिसलं कसं?"

मी खिशातून पैसे काढून रसवाल्याला दिले. आबांनी पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. परतीच्या वाटेवर ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

उत्तर मला माहीत होतं. मी रडत होतो हे खरं, आणि दस्तीच्या कडेवरून बघत होतो हेही खरं. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. एवढ्यावर भागलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं, नटाच्या डोळ्यांना खोड असते म्हणून सोडून दिलं असतं. पण आईच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी घरात कुणी नसताना मी लोखंडी कपाटाच्या आरशापुढे बसून ते करून पाहिलं होतं. घोंगडी नव्हती, टॉवेल घेतला होता. उजव्या हाताने उपसायचं, डाव्या मुठीत ठेवायचं. जमलं तेव्हा मला बरं वाटलं. आई गेल्याचा तेवढ्यापुरता विसर पडला होता. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

सिनेमा टीव्हीवर लागायला लागला आणि गावोगाव पोचला. केदारखेड्याच्या बाजारात लोक आबांना गमतीने विचारायचे, "काय आबा, मुठीत काय हाय?" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट कौतुकच होतं, पोराने बापाचं नाव काढलं म्हणून. आबांनी आधी बाजार सोडला, मग ओसरीवर बसून कुसळं वेचणं सोडलं. मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली. बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, लोकांचं काय एवढं मनावर घ्यायचं. प्रसिद्धीची ही किंमत असते, असंही काहीतरी म्हणालो असेन. किंमत मोजत होतं दुसरंच माणूस.

मागच्या वर्षी मी सोलापूरकडे शूटिंगला होतो. बहिणीचा फोन आला, "आबानं खाणंपिणं सोडलंय. जल्दी निघ." मी तसाच निघालो. शहागडला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. रस्त्याकडेला मालट्रकांची रांग होती. दोन-तीन ट्रकवाल्यांनी मला ओळखलं, मूठ दाखवली, बाज ओढून दिली, चहाला पैसे देऊ दिले नाहीत. मग एकजण म्हणाला, "साहेब, एकदा करून दाखवा की." दुसऱ्याने तेवढ्यात केबिनमधून पांघरूण आणलंही.

माझे वडील आजारी आहेत, मला निघायचंय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला भीती वाटत होती, गाडीत बसून पुढचा विचार करवत नव्हता, आणि समोर माणसं होती. माणसं समोर असली की मला काय करायचं ते बरोबर कळतं. मी पांघरूण मांडीवर घेतलं, नसलेली कुसळं वेचली, मूठ मिटली. एका दाढीवाल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि गाडीत बसलो.

कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. मी अंबड, जालना करत पुढे सरकेपर्यंत ते गावात पोचलंसुद्धा. शेजारचा माणूस भल्या मनाने फोन घेऊन आबांच्या खाटेशी गेला. म्हणाला, "हे बघा आबा, तुमचा लेक शहागडपर्यंत आलाय." आणि त्याने त्यांना तो व्हिडिओ पूर्ण दाखवला.

मी दारात पोचलो, चपला काढल्या, "आबा" म्हटलं. खाटेवरच्या त्यांच्या जुन्या घोंगडीची कड हलली आणि ती त्यांच्या तोंडावर गेली. मला वाटलं थंडी वाजत असेल. मी खोलीतून बाहेर आलो की घोंगडी खाली यायची, बहीण त्यांना चमच्याने पेज पाजायची, तोंड पुसायची. माझा आवाज आला की घोंगडी वर. दोन-तीन दिवस मी दुखण्याला बोल लावला. मग बहीणच म्हणाली, "दादा, ते तुझ्यामुळं करून राह्यलेत." आणि शेजाऱ्याने काय दाखवलं होतं ते तिने सांगितलं.

मला फार लागलं. रागही आला. सगळा महाराष्ट्र माझं तोंड बघायला येतो आणि माझा बाप मला स्वतःचं तोंड दाखवत नाही, असा काहीतरी मूर्ख विचार मनात आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेशी बसून त्या घोंगडीला म्हणालो, "आबा, चुकलं माझं." काळी लोकर श्वासाबरोबर वरखाली होत होती. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "जेवला का?"

"जेवलो."

"मंग जा."

असे दिवस जात राहिले. एका सकाळी मी दाराशी पाट घेऊन बसलो होतो, काही बोलत नव्हतो. आबांचा श्वास बदलला होता, घरघर लागली होती. त्यांनी घोंगडीतून बहिणीला विचारलं, "गेला का त्यो?"

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. ती म्हणाली, "गेला, आबा."

त्यांचा हात घोंगडीच्या कडेवर आला. त्या घोंगडीखालचं तोंड मला बघायचं होतं. आणि त्याच वेळी माझ्यातला तो दुसरा, दस्तीच्या कडेवरून बघणारा, तयार होऊन बसला होता, हेही मला कळत होतं. मी उठलो, आवाज न करता बाहेर पडलो आणि घरामागे मेंढरांच्या रिकाम्या वाड्याशी जाऊन उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदाच मी काहीतरी बघायचं नाकारलं. थोड्या वेळाने बहिणीचा हंबरडा ऐकू आला.

मी आत गेलो तेव्हा तिने घोंगडी पुन्हा त्यांच्या तोंडावर ओढलेली होती. जाणती माणसं म्हणाली, "ये, बापाचं तोंड बघून घे." मी नको म्हणालो. तोंडात पाणी घालतानाही मी मान फिरवून हात पुढे केला, तो बहिणीने धरून नेला. भिंतीकडेला चार-पाच मोबाईल वर झाले होते. मला रडू आलं नाही. एवढा मोठा नट अन् बापाचं तोंड बी बघितलं न्हाई, असं गावात पुष्कळ दिवस बोललं जात होतं. खोटं नव्हतं ते.

यंदा वर्षश्राद्धाच्या आधी एका दिग्दर्शकाचा फोन आला. खाटेवर मरणाऱ्या बापाची भूमिका आहे. शेवटची काही मिनिटं फक्त चेहरा, दुसरं काही नाही. ते म्हणाले, "तुम्ही तर वडिलांच्या उशाशीच होता." मी हो म्हणालो आणि भूमिका घेतली.

श्राद्धाला गावी गेलो. जेवणं उरकली, पाहुणे गेले. बहिणीने आबांची घोंगडी उन्हात टाकली होती, ती मांडीवर घेऊन ओसरीत बसली आणि तिच्यात अडकून राहिलेली कुसळं उपसायला लागली. मी शेजारी बसलो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, "शेवटी आबांचं तोंड कसं होतं गं?"

तिने मान वर केली नाही. "नवा पिच्चर घेतला म्हणं तू. मरणाऱ्या बापाचा."

"त्यासाठी नाही विचारत."

"मंग?"

"पोरगा हाय मी त्यांचा. मला कळाया नको व्हय?" कित्येक वर्षांनी गावची बोली माझ्या तोंडून आली. ती आपोआप आली की मी आणली, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

"सांगितलं तर तू करशील," ती म्हणाली.

"न्हाई करणार. आईची शपथ."

तिने आणखी एक कुसळ उपसून मुठीत ठेवलं. मग म्हणाली, "आई गेली तवा बी तू रडतच व्हतास की, दादा."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मूठ मिटली, उठून अंगणाच्या कडेला गेली आणि हात झाडून परत आली. तिचे डोळे भरले होते आणि खालचा ओठ दातांत धरलेला होता. मी ते बघत होतो. आपण बघतोय हे लक्षात आलं तेव्हा मी मान खाली घातली.